नाडीचा जोडा

नॉर्दम्प्टन, ५ मार्च १९६२

काका,

तुमचा पत्ता आईकडे मागितला असता तर "काय काम काढलंस?" ह्याचं उत्तर द्यावं लागलं असतं. म्हणून तिच्या डब्यातलं तुमचं नाताळचं कार्ड काढून पत्ता उतरवून घेतला आहे. हे तिला कळवू नका.

मी कॉलेज सोडलं हे तिने लिहिलंच असेल. मास्तरांशी भांडलो, असंही लिहिलं असेल. ते खरं आहे. लेस्टरच्या कॉलेजात, भर वर्गात ते माझ्या आराखड्याकडे बघून म्हणाले, जोडे करणाऱ्यांच्या गावातल्या पोराला सरळ रेघ कोण शिकवणार. मी आराखड्याची फळी त्यांच्या टेबलावर आपटली आणि तडक स्टेशन गाठलं. त्याला आता आठ महिने झाले. दुसरं कारण आईला माहीत नाही. त्या आराखड्याच्या कडेने मी एका मुलीचं नाव सतरा वेळा लिहिलं होतं आणि मास्तरांनी तेही वाचलं होतं.

तिचं नाव अ‍ॅव्हिस. मी लागलो त्याच कारखान्यात ती शिलाईखान्यात बसते. मी खालच्या मजल्यावर, कलबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्यावर, चामडं ओढून बसवायच्या खात्यात. वरच्या मजल्यावरून शिवलेल्या वरच्या भागांची टोपली खाली आली की त्यातली तिच्या हातची शिलाई मला ओळखू येते. हसू नका. येते.

गेल्या रविवारी तिच्या घरी मला चहाला बोलावलं. टेबलावर डब्यातला सामन मासा, पीच, केक, सगळा थाट. मी लेस्टरला घेतलेले बिननाडीचे लोफर घालून गेलो. एवढे महागाचे जोडे माझ्याकडे दुसरे नाहीत. टेबलाखाली सवयीने एक जोडा अंगठ्यावर झुलवत बसलो होतो, तो निसटला आणि घसरत तिच्या वडिलांच्या पायाशी गेला. ते चामडं कापणारे. आमच्याच कारखान्यात, सगळ्यांत वरच्या हुद्द्यावर. त्यांनी वाकून जोडा उचलला, उलटा करून तळ बघितला, आत हात घालून बघितला आणि केकच्या बशीवरून मला परत दिला. म्हणाले, "हा काढायला गाठ सोडावी लागत नाही." मग चहाचा घोट घेऊन, "कॉलेजही तसंच सोडलंस म्हणे."

मी उठून निघून जाणार होतो. पण एका पायात जोडा नव्हता.

नंतर अ‍ॅव्हिसने वडिलांचं म्हणणं सांगितलं. ह्या पोराने काहीतरी शेवटपर्यंत केलेलं मला दिसू दे, मग पुढचं बोलू. ह्या माणसाची एक रीत आहे. थोरल्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा जावयाच्या जोड्याचं चामडं त्यांनी स्वतः कापलं होतं. ते चामडं कापलं म्हणजे होकार, आणि नाही कापलं तर बापाच्या मनाविरुद्ध अ‍ॅव्हिस पाऊल उचलणार नाही. तिने मला तसं तोंडावर सांगितलं आहे.

म्हणून मी एक जोडा करणार आहे, पूर्ण हाताने. आपल्या परसातली तुमची जोडे करायची जुनी खोली उघडली आहे. छपराला एक गळती सोडली तर सगळं जागच्या जागी आहे. चामडं कापायची रापी, टाके घालायची आरी, ऐरण, भिंतीवर नावानिशी टांगलेली कलबुतं. जून महिन्यात त्यांच्या प्रार्थनामंदिराचा वार्षिक दिवस असतो. त्या दिवशी घालण्याजोगा जोडा हवा. मला प्रकार नीट समजावून सांगा. कारखान्यात मी रोज शेकड्यांनी ओढतो, पण कुठला कशासाठी ते कुणी सांगत नाही. मला ब्रोग करावासा वाटतो.

क्लेम


हन्स्टंटन, ११ मार्च

चि. क्लेम,

पत्र मिळालं. तुझ्या आईने फळीचं लिहिलं होतं, सतरा वेळांचं लिहिलं नव्हतं.

ब्रोग करावासा वाटतो म्हणतोस. ब्रोग हा जोड्याचा प्रकार नाही. ती भोकांची नक्षी आहे, कुठल्याही जोड्यावर पाडता येते. पूर्वी आयर्लंडात लोक चिखलातून चालायचे, पाणी निघून जावं म्हणून भोकं पाडायचे म्हणतात. आता भोकं आरपार नसतात. पाणी आत येतं आणि आतच राहतं.

जोडा ओळखायचा तर नाडीकडे बघ. नाडी जिथे ओवतात ते चामड्याचे दोन कान. ते पुढच्या चामड्याच्या खाली शिवून बंद केलेले असले तर तो ऑक्सफर्ड. पुढच्या चामड्यावर ठेवून शिवलेले, सुटे असले तर डर्बी. सगळी विद्या एवढीच आहे, बाकी सजावट.

ऑक्सफर्ड बांधला की दोन्ही कान एकमेकांना भिडतात, मधली जीभ दिसत नाही. म्हणून तो देखणा. पण त्याच्याकडे देण्यासारखं काही नसतं. पायाची पाठ, म्हणजे नाडीखालचा भाग, उंच असली की कान भिडत नाहीत, मधे खिंड राहते आणि जोडा पाय आवळत बसतो. डर्बीचे कान दोन दारांसारखे उघडतात. पाय मागेल तेवढी जागा तो देतो. शहरातले लोक त्याला शेतावरचा जोडा म्हणतात. म्हणोत. बकलाचा जोडा असतो, तो गाठ मारायचा कंटाळा आणि मारल्याचा रुबाब दोन्ही असणाऱ्यांसाठी. आणि लोफर सुट्टीवर घालावा. इथे उन्हाळ्यात समुद्रावर सगळे तेच घालून येतात, खारं पाणी लागलं की तडकतात आणि मग माझ्याकडे येतात. माझी तक्रार नाही.

तेव्हा कुठला चांगला हा प्रश्नच नाही. पहिला प्रश्न, पाय कुणाचा? तुझा पाय मला माहीत आहे. तुझ्या बापासारखा अरुंद, पाठ बसकी. तुला ऑक्सफर्डच शोभेल. काळा, पुढे एक सरळ आडवी शिलाई, नक्षी नाही. प्रार्थनेच्या दिवशी तपकिरी घालून गेलास तर त्या मुलीच्या बापाचं बरोबर होतं असं मी म्हणेन. डर्बीचं तुला काम नाही.

गळतीखाली बादली ठेव. कलबुतांना ओल चढू देऊ नकोस.

एनॉक


नॉर्दम्प्टन, २ मे

काका,

काळा ऑक्सफर्डच करतो आहे, तुम्ही सांगितलात तसाच. दोनदा चामडं वाया घालवलं. पहिल्यांदा घाईने कापलं, दुसऱ्यांदा रागाने. तिसरं बरं आलं. वरचा भाग अ‍ॅव्हिसने शिवून दिला. जोडा कुणाचा म्हणाली, मी म्हटलं काकांचा. तुमच्यासाठी म्हणून तिने आडव्या शिलाईची दुहेरी रांग घातली आहे. खोटं बोललो ते नंतर निस्तरीन.

तळ शिवताना दोरा सारखा तुटतो. मेण कमी पडतं की माझं डोकं जास्त तापतं?

क्लेम


हन्स्टंटन, ६ मे (कार्ड)

दोन्ही. मेण वाढव, आणि टाका ओढताना श्वास सोड. एक सांग, कुठल्या कलबुतावर करतोस? तुझ्या पायाचं कलबूत त्या भिंतीवर नाही. मी तिथून गेलो तेव्हा तू जन्मला नव्हतास.

एनॉक


नॉर्दम्प्टन, १८ जून

काका,

तुमच्या कार्डाला उत्तर दिलं नाही ह्याचं कारण आता सांगतो, कारण आता सगळं पार पडलं. पार म्हणजे उत्तम पार पडलं.

जोडा माझ्यासाठी नव्हता. तिच्या वडिलांसाठी होता. तुम्ही माझा पाय गृहीत धरून सल्ला दिलात, मी तुम्हांला सुधारलं नाही, कारण मग नाव सांगावं लागलं असतं. ते नाव रूबेन लॅब्रम. काकांसमोर हे नाव काढायचं नाही, असं आईने मला लहानपणीच सांगून ठेवलं होतं. का, ते तिने कधी सांगितलं नाही. पण खोली उघडली त्या दिवशी भिंतीवर तिसऱ्या खुंटीला तेच नाव दिसलं. कलबुतावर पेन्सिलीने 'आर. लॅब्रम, १९३०', खाली नऊ नंबर. तेच त्यांच्या लग्नाचं साल. मला वाटलं हा शकुनच आहे. त्यांच्या लग्नाचा जोडा तुम्ही केलात, तर आता दुसरा त्याच कलबुतावर त्याच खोलीत मी करायचा. ह्याहून शेवटपर्यंत केलेलं दुसरं काय दाखवू?

शनिवारी संध्याकाळी पेटी घेऊन गेलो. अ‍ॅव्हिस आणि तिची आई दुकानात गेल्या होत्या. मिस्टर लॅब्रमनी जोडा बाहेर काढला, नेहमीसारखा उलटा केला, टाचेची गोलाई अंगठ्याने तपासली. मग बोटांनी आतून आकार चाचपला. म्हणाले, "हे कलबूत कुठलं?" मी सांगितलं, परसातल्या खोलीतलं. मग त्यांनी पाय घातला. थोडं जोर लावून घालावा लागला. नाडी बांधल्यावर कानांमधे अंगठाभर फट राहिली. मी म्हटलं, नवं चामडं आहे, सैल होईल. ते म्हणाले, "होईल."

आणि काल रविवारी, वार्षिक दिवसाला, तो जोडा घालून ते प्रार्थनामंदिरात आले. मी मागच्या बाकावर होतो. ते कुठेही जातात ते हळू आणि ताठ, एक एक पाऊल मोजल्यासारखे. कारखान्यात आम्ही त्याला साहेबी चाल म्हणतो. काल त्याहून हळू चालत होते. मला वाटलं, नवा जोडा सगळ्यांना दिसू देत आहेत. शेवटच्या स्तोत्राला सगळे उभे राहिले आणि ते मात्र बसून राहिले, डोळे मिटून. इतके तल्लीन झालेले त्यांना मी कधी बघितलं नव्हतं. परत येताना वाटेत दोनदा लोकांच्या कुंपणाच्या भिंतीवर टेकले आणि ऊन छान पडलंय म्हणाले. घरी मिसेस लॅब्रमनी न मागताच सपाता आणून दिल्या आणि जेवताना एरवी उभं राहून कापतात ते मांस त्यांनी बसूनच कापलं. अ‍ॅव्हिस काही बोलत नव्हती. ती आनंदाने गप्प झाली असणार.

मला त्यांनी दारापर्यंत पोचवलं, सपाता घालून. "टाके सरळ आहेत," म्हणाले. काका, मी घरापर्यंत पळत आलो.

क्लेम


हन्स्टंटन, २१ जून

चि. क्लेम,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग समुद्रावर जाऊन आलो. आता लिहितो.

रूबेन साहेबी चाल चालत नाही. तो लंगडतो, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून हळू चालतो. तो स्तोत्राला उभा राहिला नाही कारण त्याला उभं राहवत नव्हतं. भिंतीवर बसला तो उन्हासाठी नाही. सपाता न मागता आल्या कारण त्याच्या बायकोने त्याचा चेहरा पाहिला होता. तुझा जोडा त्याने घरी पोचेपर्यंत पायात ठेवला तो तुला वाईट वाटू नये म्हणून. आणि मला वाटतं, आणखी एका कारणासाठी. ते आता सांगतो.

तू १९३० चं कलबूत घेतलंस. तो पाय आता नाही.

ती खोली एकट्या माझी नव्हती. आम्ही दोघे तिथे काम करायचो. तो चामडं कापायचा, मी जोडा बांधायचो. आठ वर्षं. गावात कुणी आमचा जोडा घातला की लोक खाली बघून आमची दोघांची आडनावं घेऊन सांगायचे, ह्यात एक हात टेबटचा आणि एक लॅब्रमचा. १९३८ साली तो म्हणाला, मी कारखान्यात जातो, तिथे आठवड्याचं नक्की असतं, पोरी मोठ्या होताहेत. मी नको ते बोललो. तो शांतपणे आपल्या रापी कापडात गुंडाळत राहिला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. माझ्या हाताशी ती तीन पायांची लोखंडी ऐरण होती. मी ती फेकली. त्याच्यावर नाही, जमिनीवर, असं मी चोवीस वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. ती त्याच्या डाव्या पायावर पडली.

पायाच्या पाठीची हाडं मोडली आणि वेडीवाकडी जुळली. आता तिथे मोठा उंचवटा आहे. हे मला तुझ्या आईने कळवलं. मी त्याला भेटायला गेलो नाही. पहिल्या आठवड्यात लाज होती, नंतर ती तशीच मुरली. पुढल्या वर्षी मी इथे आलो. चोवीस वर्षांनी त्या खोलीतून त्याच्याकडे काहीतरी आलं, म्हणूनही त्याने तो जोडा पायातून काढला नसावा.

असल्या पायाला डर्बीच लागतो. "डर्बीचं तुला काम नाही" असं मी लिहिलं, आणि ज्याला काम होतं त्याच्या पायात तुझ्या हातून ऑक्सफर्ड गेला. पाय कुणाचा, हे तू मला सांगितलं नाहीस. पण त्या पायाचं काय झालं, हे मीही तुला सांगितलं नव्हतं. अर्धी चूक माझ्याकडे ठेव.

आता एवढं कर. आज जाऊन त्याला सांग, जोडा घालू नका. तो ऐकणार नाही, तरी सांग. मी शनिवारी, सात जुलैला येतो. त्याला आधी विचारू नकोस. विचारलंस तर तो नको म्हणेल आणि मी येणार नाही. तसे आम्ही दोघेही आहोत. दार वाजवलं की उघडायचं की नाही, ते त्याचं त्याने ठरवावं.

एनॉक


नॉर्दम्प्टन, २८ जून

काका,

तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा तुमचा राग आला, मग आईचा, मग त्या खुंटीचासुद्धा. तशाच डोक्याने त्यांच्या घरी गेलो.

अ‍ॅव्हिसने दार उघडलं. आत मिस्टर लॅब्रम परातीत पाय सोडून बसले होते. पाय बघितला, काका. नाडीच्या आडव्या रेघा त्यावर अजून उठलेल्या आहेत. तिने दार मागे ओढून घेतलं आणि मला पायरीवरच थांबवलं. ओरडली नाही. "त्या मापाचा जोडा माझ्याच हातून शिवून घेतलास," म्हणाली. "काकांचा जोडा म्हणून. बाबांचा पाय कसा आहे हे मला विचारलं असतंस तर मी अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं."

मी जोडा मागितला. तिने आणून दिला. नेऊन नदीत फेकतो, म्हटलं. तर म्हणाली, "फेकू नकोस. तुमच्या घरात तेवढी एक सवय पुरे झाली."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. तिच्या आईकडून लहानपणीच कळलं होतं, आणि तरीही तिने मला चहाला बोलावलं होतं. मी काय करावं ते मला कळेना. जोडा पायरीवर नीट, शेजारी शेजारी ठेवला. काका, हातात आलेली वस्तू रागात असताना मी खाली ठेवली, हे मला आठवतं तसं पहिल्यांदाच. ती ते बघत होती. मग आत गेली. तेव्हापासून टोपलीत तिची शिलाई येते, ती वरून जिन्यात दिसते, बोलत नाही.

तुम्ही या. मी कुणाला सांगितलेलं नाही.

क्लेम


नॉर्दम्प्टन, १० जुलै

काका,

तुम्ही चार दहाच्या गाडीने गेलात, म्हणून त्यानंतरचं तुम्हांला माहीत नाही. ते लिहितो.

दार त्यांनी स्वतः उघडलं, ते तुम्ही पाहिलंत. माझी तर खात्री होती की ते लावून घेतील. तुम्ही दोघे एकमेकांकडे न बघता एकमेकांच्या पायांकडे बघत किती वेळ उभे होतात, ते तुम्हांला कळलं नसेल. अ‍ॅव्हिसने नंतर मला विचारलं, जोडे करणारे सगळे असेच भेटतात का. मग तुम्ही स्वयंपाकघरात कागद पसरून गुडघ्यांवर बसलात आणि म्हणालात, "डावा." पाव तास तुमच्या दोघांच्या तोंडून आकड्यांशिवाय शब्द निघाला नाही. त्या उंचवट्यावरून फीत फिरवताना तुमचा हात थांबला. मला वाटलं आता तुम्ही काही म्हणाल. पण तेच वरून म्हणाले, "घट्ट धर, एनॉक. दुखत नाही." आणि तुम्ही धरलीत.

जुनी कलबुतं पिशवीत घालून तुम्ही निघालात. डाव्यावर चामड्याचे तुकडे चढवून पाठ उंच करीन आणि पंधरा दिवसांत पाठवीन, असं म्हणालात. मी तुम्हांला स्टेशनवर सोडून छत्री विसरली म्हणून त्यांच्या घरी परत गेलो. छत्री मुद्दाम ठेवली होती.

मिस्टर लॅब्रम खुर्चीतच होते. माझा तो ऑक्सफर्ड समोर टेबलावर ठेवला होता. मला म्हणाले, बस. मग जोडा हातात घेऊन त्यांनी सगळ्या चुका दाखवल्या. टाचेकडे डावीकडे एक टाका लांब आहे. पुढचं चामडं मी जनावराच्या कण्याच्या कडेने कापायला हवं होतं, पोटाकडचं घेतलं, म्हणून सुरकुती पडली. कानांची उंची दोन्हीकडे सारखी नाही. मी ऐकून घेतलं. एकदाही तोंड उघडलं नाही, तेव्हा अ‍ॅव्हिसने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "बाबा, ह्याला ताप नाही," म्हणाली. पंधरा दिवसांनी ती माझ्याबद्दल बोललेलं हे पहिलं वाक्य.

शेवटी ते म्हणाले, तळ मात्र उत्तम शिवला आहे. घाईच्या माणसाने शिवलेला वाटत नाही. पुढला जोडा, त्यांचा डर्बी, तुम्ही बांधायचा आणि तळ मी शिवायचा, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं आहे. त्यासाठी तुम्हांला सप्टेंबरात इथे यावं लागेल. गळती मी बुजवली आहे.

छत्री घेऊन निघालो तर म्हणाले, थांब. तुम्ही टेबलावर ठेवलेल्या कागदाचा अर्धा ताव उरला होता. तो त्यांनी जमिनीवर पसरायला लावला. "जोडे काढ," म्हणाले. मी त्या दिवशी लोफर नव्हते घातले, कारखान्यातले नाडीचे घातले होते. घाईत गाठ बसली होती ती सुटेना. मी ओढणार, एवढ्यात अ‍ॅव्हिसने खाली बसून ती नखाने सोडवली. मी कागदावर उभा राहिलो. मिस्टर लॅब्रमना वाकायला त्रास होतो, तरी पेन्सिल त्यांनी तिच्या हातात दिली नाही. स्वतः खाली बसले आणि माझ्या पायांभोवती रेघ काढली, आधी डावा, मग उजवा. अ‍ॅव्हिस म्हणाली, हलू नकोस, जोडा लहान झाला तर त्या दिवशी लंगडशील. कुठल्या दिवशी, ते मी विचारलं नाही. मी हललो नाही.

उठल्यावर त्यांनी मला तुम्हांला लिहायला सांगितलं, ते जसंच्या तसं लिहितो. "एनॉकला कळव, ह्याचं कलबूत भिंतीवर नाही, ते त्याने करावं. चामडं मी कापतो."

कागद सोबत पाठवत आहे. घडी पायाच्या रेघेवरून घातलेली नाही. कोपऱ्यात पेन्सिलीने त्यांनी लिहिलं आहे ते तुम्ही वाचालच. 'सी. टेबट, १९६२. सात नंबर.' आणि खाली दोनदा रेघ ओढून, 'नाडीचा.'

क्लेम